चौथी घंटा

गिरिजा परचुरेला टेक्नो संगीत शेवटपर्यंत आवडलं नाही. मिक्सरमध्ये ओलं खोबरं फिरतंय आणि कोणीतरी झाकण दाबून धरलंय, असं ती म्हणायची. तरी डेट्रॉइटच्या नदीकाठच्या चौकात मे महिन्याच्या शेवटी भरणाऱ्या टेक्नो फेस्टिव्हलमध्ये ती राबली, कारण तिला येणारं काम त्या मुलखात फक्त तिथेच होतं.

काम पडद्यामागचं. पुण्यात ती एका व्यावसायिक नाटकाची रंगमंच व्यवस्थापक होती. बसमधून सेट उतरवून घेणं, नटांना चहावरून उठवणं आणि विंगेत उभं राहून घंटा देणं. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी झाली की पडदा वर. नट तयार असो वा नसो.

२००१ साली लग्न करून ती डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आली. नवरा प्रथमेश गाड्यांच्या सीटखालचं वायरिंग डिझाइन करायचा. त्याच्या व्हिसावर तिला अमेरिकेत राहता येत होतं, नोकरी करता येत नव्हती. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात तिने एकदा हात घातला. जेवणाची रांग संपेना, म्हणून पडदा तासभर उशिरा वर गेला. तिने दुसरी घंटा दिली तेव्हा नायक प्रेक्षकांत बसून श्रीखंड खात होता. पुन्हा तिने मंडळात नाव दिलं नाही.

पुढच्या मे महिन्यात प्रथमेश तिला फेस्टिव्हल दाखवायला घेऊन गेला. सुट्टी होती, आणि तेव्हा प्रवेश फुकट होता. तो समोर बघत होता, ती स्टेजच्या कडेला. एका डीजेची शेवटची रेकॉर्ड फिरत असताना दुसरा येऊन शेजारच्या टर्नटेबलवर आपली ठेवत होता. ठोका कुठेच तुटत नव्हता. एक जण मात्र रेकॉर्ड संपता संपता धावत आला, पिशवी अडकून पडता पडता वाचला.

"यांच्यात पडदाच पडत नाही," गिरिजा म्हणाली. "मग यांना बोलावून कोण आणतं?"

कोणीच आणत नाही, असं तिला पुढच्या वर्षी स्वयंसेवक झाल्यावर कळलं. पगार नसल्यामुळे व्हिसाची अडचण नव्हती. पहिल्या दिवशी तिने पाण्याचे खोके वाहिले. दुसऱ्या दिवशी एक डीजे सापडेना, तेव्हा तिने त्याला खाण्याच्या गाड्यांमागून हुडकून आणलं. तिसऱ्या दिवशी तिला लहान स्टेजच्या मागे उभं केलं. तिने घरून देवघरातली पितळी घंटा आणली. त्या गदारोळात घंटेचा आवाज तिला स्वतःलाही येत नसे, म्हणून ती घंटा माणसाच्या डोळ्यांसमोर हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे खाणं आवरा. दोन म्हणजे पायऱ्यांशी या. तीन म्हणजे आधीच्याची शेवटची रेकॉर्ड लागली, वर चढा.

डीजेंना आधी हसू आलं, मग सवय लागली. आर्ट स्कूलमधली लॉरेन नावाची मुलगी तिच्या हाताखाली होती. सगळ्या स्टेजवर 'थर्ड बेल' हा शब्द तिनेच नेला.

मंडळातल्या रेखाकाकूंना हे समजलं, तेव्हा त्यांनी भर पंगतीत विचारलं, "नवरा इंजिनियर, आणि तू तिथे फुकट हमाली करतेस? तीही देवाची घंटा घेऊन?" गिरिजाने त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढली आणि विषय संपवला.

२००५ साली फेस्टिव्हलला तिकीट लागलं. लोक कुरकुरले, पण आले. त्या वर्षीही स्टेजमागे स्वयंसेवकच होते. पुढच्या वर्षी कारभार नव्या कंपनीकडे गेला, आणि लॉरेनचा आनंदाने फोन आला: आता स्टेज सांभाळणाऱ्यांना पगार मिळणार, पहिलं नाव गिरिजाचंच आहे.

गिरिजाने मला पगार नको असं कळवलं. कंपनीने नम्रपणे नकार दिला. बाकीच्यांना पैसे देऊन एकटीकडून तेच काम फुकट करून घेता येत नव्हतं. प्रथमेशने वकिलाला विचारलं, त्यानेही नकारार्थी मान हलवली. पगार नाकारणाऱ्या गिरिजाला कंपनी ठेवू शकत नव्हती, आणि पगार घेणाऱ्या गिरिजाला तिचा व्हिसा.

प्रथमेश म्हणाला, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, एखाद्या वर्षाचा प्रश्न आहे. तिला ते पटलं नाही, पण तिने वाद घातला नाही. लॉरेनला घरी बोलावून जेवू घातलं आणि जाताना घंटा तिच्या हातात दिली. दोन वर्षं ती त्या चौकाकडे फिरकली नाही. सुट्टी आली की दोघं कुठल्यातरी तळ्यावर जाऊन बसत.

२००७ च्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डच्या अर्जांची अडलेली रांग अचानक पुढे सरकली आणि थंडी सुरू होण्याआधी तिला काम करण्याचा परवाना मिळाला. तिने त्याच दिवशी लॉरेनला फोन केला. लॉरेन आता मोठ्या स्टेजची व्यवस्थापक होती. गिरिजाची जुनी जागा भरलेली होती. जागा होती ती लॉरेनच्याच हाताखाली, डीजेंना आणून पायऱ्यांशी उभं करण्याची.

"तूच शिकवलेल्या पोरीच्या हाताखाली?" रेखाकाकूंनी विचारलं. या वेळी त्या चेष्टा करत नव्हत्या.

गिरिजाने आठवडाभर विचार केला आणि होकार कळवला.

२००८ च्या मे महिन्यात, पहिल्याच दुपारी, लॉरेनने तीच घंटा हलवून तीन बोटं दाखवली. गिरिजाने वळून पाहिलं. ज्याची वेळ होती तो कठड्याला टेकून कोणाशीतरी हसत होता. त्याने तीन बोटं पाहिली, मान डोलावली आणि तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने लॉरेनने पुन्हा घंटा हलवली. चार बोटं. तेव्हा तो पिशवी उचलून आरामात आला आणि ऐन वेळेला वर चढला.

"चौथी?" गिरिजाने तिच्या कानाशी जाऊन विचारलं. "चौथी घंटा नसते, लॉरेन. तिसरीला पडदा वर जातो."

"तू गेलीस," लॉरेन म्हणाली. "तिसरीला माझं कोणी ऐकेना. मग मी तिसरी लवकर द्यायला लागले आणि चौथी खरी."

तिच्या बोलण्यात माफी नव्हती, तक्रारही नव्हती. गिरिजाच्या जिभेवर पुष्कळ होतं. पुण्यात पडदा वर गेल्यावर नटाऐवजी रिकामा सोफा दिसला होता ती रात्र होती, धापा टाकत आलेल्या नटाने मागितलेली माफी होती, मंडळातलं श्रीखंडही होतं. पण स्टेज लॉरेनचं होतं, आणि दोन वर्षांत ते एकदाही थांबलं नव्हतं.

"पुढचा कुठे आहे?" तिने विचारलं.

लॉरेनने खाण्याच्या गाड्यांकडे बोट दाखवलं. गिरिजा गेली, सँडविच खाणाऱ्या त्या माणसाजवळ उभी राहिली, आणि दुसऱ्या घंटेलाच त्याला पायऱ्यांशी घेऊन आली. तिसरी झाली तेव्हा तो पहिल्या पायरीवर होता. लॉरेनने चौथीसाठी हात उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि घंटा खोक्यावर ठेवून दिली.

गिरिजा त्याच्यानंतरच्याला शोधायला निघालीही होती.