माझ्या पोराचा डीएनए

आता काय सांगू बायांनो! मी घसा फोडून सांगत होते की त्या डॉक्टरीणबाईनं माझ्या अब्रूला हात घातलाय, पण घरात एकानं खरं मानलं नाही. मालक म्हणाले, "तू आधी चहा पी." अब्रू चाललीय आणि हे म्हणे चहा पी!

झालं असं, आमच्या संतोषच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. जुन्नरच्या एका दवाखान्यात ते नळीतल्या बाळाचं दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा गर्भ धरला आणि गळाला. मी आपली सुनेलाच बोलत राहिले, सारिका, तुझंच अंग थंड. ती ऐकून घ्यायची. पण तिसऱ्या खेपेला म्हणाली, आत्या, ही शेवटची. यात न्हाई झालं तर परत सुया टोचून घेणार न्हाई.

अशात संतोष दवाखान्यातून आला आणि म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणत्यात माझी डीएनए टेस्ट करायची."

मी चौथी शिकलेली, पण टीव्ही रोज बघते. डीएनए कधी करतात? पोराचा बाप कोण असा संशय आला की! सिरियलीत पाकीट फोडतात, वीज कडाडते आणि बाई भोवळ येऊन पडते. म्हणजे डॉक्टरीणबाईला संशय कुणाचा? माझा! सारिका सांगत होती, ती टेस्ट निराळी असती. मी म्हटलं, तू गप. अब्रू माझी गेलीय, तुझी न्हाई.

मालकांना कांद्याच्या वावरातून उठवलं आणि चौघं अवसरीहून एसटीनं निघालो. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं निघालात? मी सगळं सांगितलं. जुन्नर येईस्तोवर निम्मी एसटी माझ्या बाजूनं झाली होती.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी बापलेकांना चपला काढायला लावल्या. "बघा, दोघांच्या पायाची करंगळी बघा! शेजारच्या बोटावर चढलीय. ह्याच्या परास मोठा डीएनए असतो व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी चारही पाय नीट बघितले. "मावशी, करंगळी एक नंबर. पण बाप कोण ते मी विचारलंच नाही. कांद्याचं बी वरून टपोरं दिसतं, उगवतंही. पण आतून खराब असलं तर रोप मान टाकतं ना? तसंच हे. संतोषचे शुक्राणू भरपूर आहेत, पळतातही. पण आतला डीएनएचा धागा तुटका असेल, तर गर्भ धरला तरी टिकत नाही. तेवढंच बघायचंय."

म्हणजे दोष सुनेचा नसंलही! मी सारिकाकडं बघितलं नाही. बघवलंच नाही. मग माझा राग दुसरीकडं वळला. मी विचारलं, धागा तुटतो कशानं?

बाई म्हणाल्या, तंबाखू, मोठा ताप, रोजची उष्णता, बरीच कारणं असतात. कारण सापडलं तर ते बंद करायचं, तीनेक महिन्यांत नवे शुक्राणू तयार होतात. मग तिसरा प्रयत्न.

"मग सोधाच," मी टेबलावर हात आपटला. "ज्यानं माझ्या पोराचं बी बिघडवलं त्याचं नाव पायजे मला. सोडणार न्हाई."

तंबाखू संतोष खात नाही. ताप आलेला नाही. बाईंनी विचारलं, उष्णता? संतोष खाली बघायला लागला. मालक घाईघाईनं चपला घालायला लागले.

बोलली ती सारिका. "ट्रॅक्टर चालवून ह्यांची कंबर दुखती. म्हणून लग्नापासून रोज संध्याकाळी ह्यांना निरगुडीच्या कढत पाण्याच्या घंगाळात बसवत्यात. गार झालं की वरनं आणखी वतत्यात."

"कोण?" बाईंनी विचारलं.

आमच्याकडं सून सासूचं नाव घेत नाही. सारिकानं एवढ्या वर्षांत ते कधी ओठावर आणलं नव्हतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, पदर डोक्यावर नीट घेतला आणि उखाणा घ्यावा तशी खणखणीत म्हणाली, "मंदाबाई."