दिवा लागला म्हणजे ब्रेक लागत नाही

गहिनीनाथ,

तुझा पाय प्लास्टरमध्ये आहे. म्हणजे निदान महिनाभर तुला पिकअपमध्ये चढता येणार नाही आणि मी बोलायला लागले की 'बाई, येतो, मांडव उभा करायचाय' म्हणून सटकताही येणार नाही. तेव्हा ऐक. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगतोयस, की बाईंचं ऐकलं म्हणून गाडी आडवी झाली. हे मला तुझ्या बायकोनंच सांगितलं, माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत. आणि लग्नसराई सुरू झाली की तू पुन्हा जुन्याच पद्धतीनं घाट उतरणार आहेस म्हणे. अरे मूर्खा,

इथे सुकन्याबाईंचं पेन थांबलं. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंना शब्दांची ददात कधी नव्हती. पण ज्या माणसाला आठवीत घर्षण शिकवलं आणि तो बावन्न वर्षांचा झाल्यावर पुन्हा शिकवलं, त्याला तिसऱ्यांदा काय लिहायचं? त्यांनी कागद बाजूला सारला आणि चरफडत बसून राहिल्या.

गहिनीनाथ वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. मठ्ठ मुळीच नव्हता. शाळेची घंटा तुटली तेव्हा तारेनं बांधून त्यानंच पुन्हा टांगली होती. पण सांगितलेलं ऐकायचं, मान डोलवायची आणि आपल्याला हवं तेच करायचं, हा त्याचा स्वभाव तेव्हापासूनचा. दहावीनंतर त्यानं ट्रकवर क्लीनर म्हणून दिवस काढले, मग ड्रायव्हर झाला, आणि शेवटी तिसगावात मांडव, लाइट आणि जनरेटरचा धंदा टाकला. लग्न असो, सप्ताह असो, गणपती असो, वीज गेली की लोक गहिनीनाथला फोन करायचे. मोठा जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला होता. ती ट्रॉली पिकअपच्या मागे हूकला अडकवायची आणि जायचं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. या भागात कुणाच्याच ट्रॉलीला नसतात आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

त्याचे वडील राधाकृष्ण श्रीरामपूरच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर होते. त्यांची ख्याती अशी, की नगरकडून येताना करंजी घाटाच्या माथ्यावर गाडी न्यूट्रल करायची ती थेट पायथ्याशीच गेअरमध्ये घालायची. मधे डिझेल नाही, आवाज नाही, फक्त ब्रेकवर पाय. याला इकडे 'गाडी मोकळी सोडणं' म्हणतात आणि ज्याला ते जमतं तो पक्का ड्रायव्हर मानला जातो. घाटमाथ्यावर रस्त्याकडेला शेंदूर फासलेला एक देव आहे. गाडीतूनच त्याला हात जोडायचा आणि जोडलेला हात खाली येताना गेअरचा दांडा मोकळा करूनच यायचा, इतकी ती सवय हातात मुरलेली. वडिलांकडून मुलाकडे शेत आलं नाही, ही सवय आली.

दोन वर्षांपूर्वी गहिनीनाथनं जुनी पिकअप विकून एक दणकट, वापरलेली पिकअप आणली. आधीच्या मालकानं ती खडीच्या खाणीवर चालवली होती आणि तिला वरून एक्झॉस्ट ब्रेक बसवून घेतला होता. डॅशबोर्डवर एक बटण होतं आणि बटणाशेजारी पिवळा दिवा. बटण दाबलं की दिवा लागायचा. गहिनीनाथ आल्यागेल्याला तो दिवा लावून दाखवायचा. आता घाटाची चिंता मिटली, असं त्याचं म्हणणं.

आणि चिंता तर वाढलीच. दर दीड-दोन महिन्यांनी ब्रेकचे लायनर जळायला लागले. एक्झॉस्ट ब्रेक बोगस आहे, असं म्हणत तो सत्तार मेस्त्रीकडे भांडायला गेला. सत्तारनं गाडीखाली शिरून सायलेन्सरच्या पाइपातली झडप पाहिली, काजळी साफ केली, बटण दाबून झडप मिटते-उघडते ती दाखवली. झडप ठणठणीत आहे, तूच गाडी मोकळी सोडत असशील, असं तो म्हणाला. गहिनीनाथला ते लागलं. माझ्या वडिलांची पद्धत चुकीची होती काय, असं म्हणत तो तिथून निघाला आणि आठ दिवस सत्तारशी बोलला नाही.

हे सगळं सुकन्याबाईंना कळलं ते गेल्या उन्हाळ्यात. त्या डोळे तपासायला नगरला गेल्या होत्या. परतीच्या बसला वेळ होता आणि नेमका गहिनीनाथ स्टँडसमोर दिसला. एक लग्न उरकून जनरेटर घेऊन तिसगावला निघाला होता. 'बसा बाई, घरापाशी सोडतो,' म्हणाला. बाई बसल्या. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे लांबचं सगळं उन्हात भगभगत होतं आणि जवळचं धूसर.

घाटमाथा आला. गहिनीनाथनं देवाला हात जोडला, बटण दाबलं, पिवळा दिवा लागला आणि दांडा न्यूट्रलमध्ये गेला. पिकअप एकदम गप्प झाली. मागून दीड टनाची ट्रॉली ढकलायला लागली.

"गेअर का काढलास?" बाईंनी विचारलं.

"एक्झास चालू हाय की बाई. त्यो बघा दिवा."

सुकन्याबाईंनी त्याला सांगायला सुरुवात केली. हा ब्रेक चाकांना लागत नाही, इंजिनला लागतो. पाइपातली झडप मिटली की इंजिनचा धूर कोंडतो, इंजिनला फिरणं जड जातं आणि ते गेअरमधून चाकांना मागे ओढतं. गेअरच काढला तर इंजिनचा चाकांशी संबंध संपला. मग झडप मिटो की उघडी राहो, दिवा पेटो की विझो, चाकांना त्याचा पत्ताच नाही. गहिनीनाथ 'व्हय, व्हय' करत होता आणि पायानं ब्रेक दाबत होता. दुसऱ्या वळणाला जळका वास आला. तिसऱ्या वळणाला ब्रेकचं पेडल मऊ पडलं. ते त्यानं सांगितलं नाही, पण त्याचा गुडघा किती खाली गेला ते धूसर डोळ्यांनाही दिसलं.

"गाडी थांबव. आत्ता."

सगळा जोर लावून, हँडब्रेक ओढून, त्यानं ती कशीबशी डोंगराच्या बाजूला उभी केली. चाकांतून धूर निघत होता. बाई खाली उतरल्या आणि एका दगडावर बसल्या. तो चाकांवर पाणी मारायला निघाला, तर त्याही बाबतीत त्याला दटावावं लागलं, की तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतू नकोस, तडकेल. तासभर दोघं तिथेच होती. गहिनीनाथ म्हणाला की गेअरमध्ये उतरायचं म्हणजे डिझेल फुकट जाळायचं. बाईंनी कपाळावर हात मारला. गेअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तुझी ही नवी गाडी डिझेल घेतच नाही, उतारच इंजिन फिरवतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडंथोडं डिझेल जळतच राहतं. तुझ्या वडिलांनी आणि तू आयुष्यभर वाचवलं काय, तर लायनर जाळले.

"दादांना काय बोलू नका, बाई."

"त्यांना नाही बोलत. त्यांच्या ट्रकला हे बटण नव्हतं. तुला बोलतेय."

ब्रेक निवल्यावर बाईंनी उरलेला घाट त्याला स्वतःच्या हुकमावर उतरवला. दुसरा गेअर, बटण चालू, क्लचवर पाय ठेवायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडून दे. इंजिन गुरगुरायला लागलं, आवाज चढला, आणि कुणीतरी मागून ट्रॉलीसकट धरून ठेवावी तशी पिकअप हळूहळू उतरायला लागली. वेग वाढला की पायानं ब्रेक थोडा दाबायचा, पुन्हा सोडायचा. मागचे लोक हॉर्न मारत होते. एक जीपवाला तर अगदी ट्रॉलीला चिकटून थांबला, कारण या ब्रेकला मागचा लाल दिवा लागत नाही आणि पुढची गाडी हळू झाली हे मागच्याला कळतच नाही. म्हणून मधूनमधून पेडलवर पाय टेकवत जा, हेही बाईंनी सांगितलं. पायथ्याला करंजीत पोचल्यावर गहिनीनाथनं चाकाला हात लावून पाहिला. चाक कोमट होतं.

"लई भारी हाय की हे," तो म्हणाला. शाळेत कधी न दिसलेला आनंद त्याच्या तोंडावर होता. सुकन्याबाईंना वाटलं, चला, एक तरी धडा उशिरा का होईना शिरला.

मग त्यानं डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक घडी घातलेला कागद काढला. ब्रेक बसवणाऱ्यानं दिलेली सूचनांची इंग्रजी चिठ्ठी. आधीच्या मालकानं तशीच ठेवलेली. बाईंनी ती हात लांब करून पाहिली. एका बाजूला मोठी अक्षरं होती, ती जेमतेम लागली. त्यांनी नुकतं सांगितलं तेच त्यात होतं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही होतं आणि थेंब घातलेल्या डोळ्यांना त्यातलं एक अक्षर लागेना. बाई म्हणाल्या, घरी आणून दे, सगळं मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून देते, काचेपाशी चिकटव. तो म्हणाला, उद्याच आणतो.

त्या दिवसापासून गहिनीनाथ बदलला, आणि बदलला तोही त्याच्याच पद्धतीनं. आता त्याला एक्झॉस्ट ब्रेकशिवाय काही सुचेना. घाट असो वा साधी उतरण, बटण चालू. सत्तार मेस्त्रीशी पुन्हा बोलणं सुरू झालं. मेस्त्री चेष्टेनं म्हणायचा, 'आता उंबरठा उतरतानापण लावत असशील.' लायनर टिकायला लागले. गावभर तो बाईंचं कौतुक सांगत हिंडला. ते कौतुक ऐकून सुकन्याबाई सुखावल्या, हे त्यांना नंतर स्वतःचंच खुपलं.

भाद्रपदात एका मंडळाचा जनरेटर नगरहून परत आणायचा होता. दिवसभर झिमझिम चालू होती. घाटात रस्त्याचं काम निघालेलं, वळणावळणावर बारीक खडी आणि चिखल. पिकअपचा हौदा रिकामा, मागे ट्रॉलीचं सगळं वजन. गहिनीनाथनं शहाण्यासारखा दुसरा गेअर टाकला, बटण दाबलं आणि निर्धास्त उतरायला लागला. एका वळणावर मागची चाकं फिरायचीच थांबली. हा ब्रेक चार चाकं धरत नाही, फक्त मागची दोन धरतो, आणि रिकाम्या हौद्याखाली त्या दोन चाकांना चिखलात पकड कुठली? चाकं घसरली, ट्रॉलीनं मागून रेटा दिला, आणि घडीचा चाकू मिटावा तशी पिकअप ट्रॉलीवर दुमडून कठड्यावर आदळली. बटण बंद केलं असतं तर चाकं पुन्हा फिरली असती. पण त्याच्या लेखी ते बटण म्हणजे जीव वाचवणारी वस्तू. त्यानं ते शेवटपर्यंत बंद केलं नाही. दुसरं कुणी गाडीखाली सापडलं नाही, एवढंच नशीब. याचा पाय मोडला.

सुकन्याबाई दवाखान्यात भेटायला गेल्या तेव्हा तो तोंड फिरवून होता. त्याची बायको छबूबाई स्टुलावर बसल्या होत्या. तो छताकडे बघतच म्हणाला, "तुमी सांगितलं तसंच केलं हुतं, बाई. मोकळी सोडली आस्ती तर काय झालं नस्तं. दादांना तीस वर्सं काय झालं न्हाई."

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला, की ओल्या रस्त्याला तो ब्रेक बंद ठेवायचा असतो, खालचा गेअर आणि पेडलवर हलका पाय, बस. आणि कोरड्या रस्त्याला तो हवाच, नाहीतर पुढच्या वेळी पाय नाही, माणूस जाईल. त्यानं शांतपणे विचारलं, मग हे आधी का न्हाई सांगितलं? सुकन्याबाईंना त्याच्यावर संताप आला आणि त्या संतापाला उभं राहायला जागाच नव्हती. भौतिकशास्त्र त्यांना येत होतं. दोन मिनिटं विचार केला असता तर चिखल आणि रिकामा हौदा त्यांनाही सुचला असता. सुचला नाही. आणि आता हा माणूस लग्नसराईत भरल्या ट्रॉलीनं पुन्हा मोकळा उतरणार, तेही बाईंच्याच नावावर.

आज दुपारी त्या चालत सत्तारच्या गॅरेजवर गेल्या. चेपलेली पिकअप कोपऱ्यात उभी होती. मेस्त्री म्हणाला, बाई, घ्या की बघून, कुलूपबिलूप काही नाही. त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. चिठ्ठी होती. चष्मा लावून मागची बाजू वाचली. ओला रस्ता, सैल खडी, रिकामा हौदा आणि मागे जड ओझं, अशा वेळी बंद ठेवा. तिसऱ्याच ओळीत, स्वच्छ.

'उद्याच आणतो' म्हणाल्यानंतर गहिनीनाथ त्यांच्या दारावरून चाळीस वेळा तरी गेला असेल, हॉर्न वाजवत, हात करत. दोनदा विसरलो म्हणाला. तिसऱ्यांदा आठवणीनं कागद आणून दिला तो गाडीच्या विम्याचा निघाला. तेव्हा बाईंचं डोकं फिरलं. जीव ह्याचा, गाडी ह्याची, मी कशाला मागे लागू, असं म्हणून त्यांनी विषय सोडला. गाडी कितीदा तरी समोरच्या पारापाशी रात्रंदिवस उभी असायची. चार पावलं जाऊन कप्प्यातून कागद काढून आणायला काही पाथर्डीला जायला लागत नव्हतं. त्यानं आणून दिला नाही आणि बाईंनी जाऊन आणला नाही.