शेवटच्या रांगेतल्या गुरू

चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाई एकेकाळी देवदासी म्हणून देवळात नाचत. माझ्या नातीला त्या ओसरीवर बसूनच नृत्य शिकवतात. बोलताना त्यांचे हात शब्दांच्या आधी पोहोचतात. कायद्याने मुलींना देवाला वाहणे बंद केले; नर्तकीचा अपमान करण्याची मुभा कोणालाही दिलेली नाही. हे मी वृत्तपत्रांना कितीदा तरी खडसावून लिहिले आहे.

गेल्या रविवारी नात प्रथमच रंगमंचावर नाचली. त्या दिवशी घुंगरू गुरूच्या हातून घ्यायचे असतात. पण "पाहुणे काय म्हणतील, बाबा?" असे म्हणत माझ्या मुलाने बाईंना शेवटच्या रांगेत बसवले. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. नात मात्र घुंगरू घेऊन थेट त्यांच्याकडे धावली. बाईंनी ते कपाळाला लावून तिच्या हाती दिले आणि ती पाया पडायला वाकताच आपले पाय लुगड्यात ओढून घेतले.

"लोक पाहतात, कण्णा," त्या लाडाने म्हणाल्या. "जा, नाच."

आज सकाळी फाटकाशी त्यांनीच मला आधी नमस्कार केला.

"रावजी, पोरीचे पाय दुखतात काय? ऊन पाण्यात ठेवायला सांगा."

मला मान वर करवली नाही.