रिक्षाच्या सीटचं मशीन आणि पिंपळनेरची गोधडी

गोधडी मशीनमध्ये अडकली तेव्हा मी बोलत होते. "बघा, किती स्मूद चालतं," असं काहीतरी. मग सुई तुटली आणि मला थांबावं लागलं.

ठिकाण पिंपळनेर. मंदाअक्कांच्या घराची पुढची खोली, समोर त्यांच्या बचत गटाच्या बाया. मी जळगावच्या एका शिलाई मशीनच्या दुकानात डेमॉन्स्ट्रेटर आहे. म्हणजे शेठ मशीन विकतात आणि ते चालतं हे मी दाखवते. या खेपेला ते चालत नव्हतं.

"ताई, मशीन आमनी गोधडी खाई गयं काय?" अक्कांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच. नाशिककडच्या एका रिसॉर्टच्या मालकीणबाईंना खोल्यांसाठी गोधड्या हव्या होत्या. गटातल्या बायांचे हात आता दुखतात, सगळं हाताने शिवणं होत नाही. म्हणून अक्कांनी पहिला नमुना घरातल्या जुन्या पायमशीनवर करून पाठवला. तो परत आला. वरच्या कापडाला चुण्या पडल्या होत्या. बाईंनी आणखी एक नमुना मागवला. हाही बिघडला तर त्या दुसरीकडे जाणार होत्या. तेव्हा बायांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून कॉम्प्युटराइज्ड मशीन पसंत केलं आणि शेठनी ते माझ्याबरोबर पाठवलं. अडकलेली गोधडी म्हणजे तोच दुसरा नमुना.

गटात मशीनवर हात बसलेली एकटी वंदना. तिचा नवरा सुरतला गारमेंटमध्ये आहे आणि तिनेही तिकडे यावं म्हणून मागे लागला होता. तिला जायचं नव्हतं. मुलगी इथल्या शाळेत रमली होती. सुईचा तुकडा चिमट्याने काढता काढता ती म्हणाली, "हाई ऑर्डर गई, मंग मी सुरतले चालनी." बस किती वाजता आहे ते सांगावं तशा आवाजात.

मी बाहेर जाऊन शेठना फोन लावला.

"शेठ, गोधडी अडकली."

"कुठे?"

"मशीनमध्ये."

"मग काढ. बुकिंग झालं का?"

"हे मशीन यांच्या कामाचं नाही."

"अगं, त्यात दोनशे डिझाइनचे टाके आहेत!"

"त्यांना एकच लागतो. सरळ."

शेठ म्हणाले, "तू डेमो द्यायला गेली आहेस का मोडायला?" आणि फोन ठेवला.

आता अडचण काय होती ते सांगते. गोधडीत कामं दोन. आधी रंगीत तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर करायचा. याला पीसिंग म्हणतात. मग वरचा थर, आतल्या जुन्या साड्या आणि खालचं कापड एकत्र धरून आरपार टाके घालायचे. ते क्विल्टिंग. पीसिंगला हलकं मशीन चालतं. क्विल्टिंगला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे जागा. गोधडीची गुंडाळी सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधून सरकली पाहिजे. मी नेलेल्या मशीनमध्ये तिथे वीतभर जागा होती. दुसरी म्हणजे ओढ. साध्या मशीनचे दाते खालून कापड ओढतात. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो, आणि शेवटी चुण्या. यावर उपाय वॉकिंग फूट. त्यात वरून दाबणारा फूटसुद्धा पावलं टाकतो, त्यामुळे सगळे थर बरोबर चालतात.

असं जाड कामाचं मशीन आमच्या दुकानात नव्हतं. पण धुळ्यात देवपूरला सलीमभाईंकडे होतं. ते रिक्षाच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांच्या मशीनची दुरुस्ती आमच्याकडे येते, म्हणून ओळख. मी अक्कांना म्हटलं, पैसे कुठेही भरू नका. गोधडी घ्या आणि उद्या धुळ्याला या.

अक्का आणि वंदना एसटीने आल्या. गोधडी चादरीत बांधलेली. सलीमभाईंच्या दुकानात रेक्झिनचा वास, फोमचे ढीग, आणि दारात सीट काढलेल्या दोन रिक्षा. अक्का उंबऱ्यापाशीच थांबल्या. सगळं गाव विचारणार, ही त्यांना काळजी.

"ताई, बठ्ठा गाव इचारी, गोधडी कोठे शिवी, तं काय सांगानं?"

"धुळ्याला शिवली म्हणायचं," मी म्हटलं.

सलीमभाईंनी मशीन तीनदा पुसलं. तेलाचा डाग पडू नये म्हणून आधी चिंधीवर चालवून दाखवलं. रेक्झिनची जाड सुई काढून मी पातळ सुई आणि सुती दोरा लावला. गोधडीचं वजन लोंबून सुईला ओढू नये म्हणून डाव्या बाजूला टेबल लावलं. वंदना बसली. पहिली ओळ तिने श्वास रोखून शिवली. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग थांबली आणि गोधडी उलटी केली.

चुणी नव्हती. वर नाही, खाली नाही.

अक्कांनी त्या ओळीवरून तळहात फिरवला. मग पुन्हा फिरवला. वंदनाने गोधडी सरळ केली आणि न विचारताच दुसरी ओळ सुरू केली. तिचे डोळे भरले होते, पण ओळ सरळ आली.

"आते तुकडा पन हाईवरच जोडूत," अक्का उत्साहाने म्हणाल्या. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी जुन्या साडीचे दोन तुकडे सुईखाली सारले. मशीनच्या दात्यांनी ते चघळून बाहेर काढले. अक्कांचा चेहरा पडला.

"म्हणजे दोन मशीनं घेणं पडी?"

"एकच. तुकडे जोडायला तुमचं घरचं पायमशीन उत्तम आहे. त्याचं ऑइलिंग करून देते."

जळगावला परतल्यावर शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ते दोनशे टाक्यांचं भारीवालं विकलं नाही. जे आपल्याकडे नाही ते एक मागवायचं. आणि जुन्याला तेल घालायचं."

"हो."

"छान," शेठ म्हणाले. पण त्यांनी मशीन मागवलं.

दुसरा नमुना सलीमभाईंच्याच दुकानात पूर्ण झाला. रिसॉर्टच्या बाईंनी तो ठेवून घेतला आणि बाकीच्या गोधड्या सांगितल्या. त्या गटाने घेतलेल्या नव्या मशीनवर पिंपळनेरलाच झाल्या. वंदना सुरतला गेली, पण चार दिवसांसाठी, मुलीला घेऊन, नवऱ्याला भेटायला. तो अजून तिकडेच आहे. एवढं मशीनने सुटणारं नव्हतं. इकडे ती आणखी दोघींना शिकवते. त्यांच्या ओळी अजून वाकड्या येतात.

शेठ हल्ली गिऱ्हाइकांना सांगतात, "क्विल्टिंगचा योग्य सल्ला खानदेशात फक्त आपल्याकडे." सल्ला विचारायला आलेल्यांना ते माझ्याकडे पाठवतात. पगार आहे तोच आहे.

तुम्हाला मशीन घ्यायचं असेल तर एवढंच करा. जे शिवायचं आहे ते बरोबर न्या आणि दुकानातच शिवून बघा. दुकानदार नाखूश होईल. होऊ द्या.