ड्रॉवरमधला बिल्ला

पोतं पाठीवर घेण्याआधी तो ते तळहाताने दोनदा थोपटायचा. "आधीच बघून घ्यावं, सर. पाठीवर आल्यावर काय बघता?" पोतं कुठं ओलं आहे, कुठं फुगलंय, ते त्याला हाताला कळायचं. तीच सवय घेऊन तो माझ्या कॉम्प्युटर क्लासात आला. एंटर दाबण्याआधी टेबल दोनदा थोपटणार. शेजारच्या टायपिंगच्या मुली दचकायच्या.

परतूरच्या मोंढ्यालगत, म्हणजे धान्यबाजाराला लागून, माझा तीन मशीनचा क्लास होता. असे क्लास तुम्हीही पाहिले असतील. बाहेर बोर्ड मोठा, आत मशीन कमी, आणि लाईट गेली की सर रस्त्यावर गप्पा मारत उभे. हा पोरगा बारावीला गणितात पहिला येऊन हमालीला लागलेला. दुपारी मोंढा थंडावला की हातपाय धुऊन यायचा, तरी कानात तुरीचा भुसा असायचाच.

त्याचा पहिला प्रोग्राम हमालांच्या टोळीच्या कामाची वाटणी करणारा होता. कुठली गाडी कुणी उतरवायची, सगळ्यांना सारखं. छापलेला कागद त्याने मुकादमाला दाखवला.

"बराबर हाय," मुकादम म्हणाला. "पण म्हाताऱ्याला सरकीची जड गाडी दिली तू. तुझ्या मशीनला कंबर हाय का?"

तो ओशाळला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "सगळे सारखे धरले सर, तिथंच चुकलं." प्रत्येकाच्या नावापुढे वय आणि दुखणं टाकून त्याने सगळं नव्याने लिहिलं. शिकवणारा मी, पण मला हे सुचलं नसतं. नवा कागद मुकादमाने घडी घालून खिशात घातला.

पुण्याला जा म्हणून मीच त्याच्या मागे लागलो. एक कंपनी तीन महिने काम बघून मगच कायम ठेवणार होती. टोळीतली जागाही मुकादम तेवढेच दिवस राखणार होता. घरी आई, आणि कमावता हा एकटा. निघताना त्याने हमालीचा पितळी बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. न्हाई जमलं तर मंग न्यायला येतो."

मी तो ड्रॉवरमध्ये टाकला, आणि ड्रॉवर उघडला की आधी तोच दिसायचा. चांगल्या चाललेल्या पोराला नसती फूस लावली असं वाटायचं. त्याची आई समोरून येताना दिसली की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. खोटं कशाला बोलू?

तीन महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या एसटीडीवाल्याने हाक मारली. फोनमध्ये आधी काहीतरी दोनदा थोपटल्याचा आवाज आला.

"सर, तेवढा बिल्ला मुकादमाला देऊन टाका. जागा कशाला अडवायची?"

"म्हणजे?"

"ठेवून घेतलं सर. कायम."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. सुटलो बाबा, असं मोठ्यानेच म्हणालो. मग सरळ रस्त्याने आधी त्याच्या आईकडे गेलो, आणि तिथून मोंढ्यात.

मुकादमाने बिल्ला उलटासुलटा करून पाहिला. खिशातून घडी पडून विरलेला तो कागद काढला. वाटणी अजून त्यावरच चालली होती, आणि सगळ्यात वर त्या पोराचं नाव तसंच होतं.

"नाव काढायला हात होत नव्हता," मुकादम म्हणाला. "पेन द्या सर. आता खोडतो."