सुमनताईंची यादी

२०१९ च्या ऑगस्टातल्या एका मंगळवारी सुमनताई कामावर आल्या नाहीत. सव्वाअकराला त्यांच्या भावाचा फोन आला. सकाळी चिखले गावच्या घरी चहा करताना ताई गेल्या. मी फोन ठेवला आणि उठून ऑफिसात सांगितलं.

त्यांच्याविषयी लिहायला मला चार महिने लागले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना त्या कशा होत्या हे सांगायचं, तर सुरुवात एका स्प्रेडशीटपासून करावी लागते, आणि माणसाची ओळख अशी करून द्यावी का, हेच मला बरेच दिवस ठरवता येईना. पण दुसरीकडून सुरुवात केली असती तर ताईच म्हणाल्या असत्या, "इकडून कशाला गेलीस? रस्ता तिकडून आहे ने."

आमची संस्था लहान. डहाणू रोड स्टेशनजवळ एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर जाऊन लहान मुलांची वजनं घ्यायची, मूल आजारी असेल तर दवाखान्यापर्यंत पोचवायचं, हे आमचं काम. सुमनताई तिथे वीसहून जास्त वर्षं होत्या. त्यातली बहुतेक वर्षं त्या पायी फिरल्या. मग उजवा गुडघा गेला आणि संस्था चालवणाऱ्या सरांनी त्यांना संगणकापुढे बसवलं. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पहिला महिनाभर त्या माऊस धरायच्या तो विळीवर मासा धरावा तसा, असं त्या स्वतःच सांगायच्या.

मी २०१४ मध्ये तिथे लागले. पालघर जिल्हा नुकताच झाला होता आणि सगळ्या याद्यांच्या माथ्यावरचं 'ठाणे' बदलायचं होतं. ते माझं पहिलं काम. ताईंनी मला शेजारी खुर्ची दिली आणि विचारलं, "काय शिकलीस, बाय?"

"एम. ए. मराठी."

"म्हणजे पुस्तकं वाचतेस. मग तुला सोपं आहे." त्यांनी शीट उघडली. एकाखाली एक गावांची नावं, प्रत्येकापुढे एक आकडा. "ही अनुक्रमणिका." मग डावीकडच्या समासातल्या अधिकाच्या खुणेवर टिचकी मारली. एका गावाखालून त्याचे पाडे बाहेर आले, एका पाड्याखालून घरं, घराखालून मुलांची नावं. "आणि हे पुस्तक. अनुक्रमणिका वाचून कोणी रडलंय का कधी?"

ओळी एकत्र बांधून मिटायची ही सोय त्यांना कोणी शिकवली नव्हती. कुठलीतरी कळ चुकून दाबली गेली आणि पाचशे ओळी नाहीशा झाल्या. त्या घाबरल्या. मग समासात ती खूण दिसली, ती दाबली आणि सगळी माणसं परत आली. "त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला," हे त्या हसत सांगायच्या, पण लावला असणार. पुढे त्यांनी सगळी यादी नव्याने बांधली. पहिल्या थरात तालुके, दुसऱ्यात गावं, तिसऱ्यात पाडे, चौथ्यात घरं. सुरुवातीला एक घोळ होई. त्या गावाचं नाव वर आणि पाडे खाली लिहीत. शीटला मात्र बेरीज खाली असेल असं वाटे. त्यामुळे पाडे मिटले की अधिकाची खूण पुढच्या गावापाशी दिसायची. "ह्याला गावाची वेस कळत नाही!" म्हणून त्या दोन दिवस चिडलेल्या होत्या. अखेर हे बदलायची जागा सापडली तेव्हा त्यांनी सगळ्यांसाठी स्टेशनसमोरच्या दुकानातून जिलबी आणवली.

ओळ मिटणं आणि ओळ लपवणं यांत त्या फार फरक करायच्या. दोन्हींत ओळ दिसेनाशी होते, पण लपवलेल्या ओळीची खूण समासात राहत नाही. नव्या मुलीने कधी ओळ लपवली की ताईंचा आवाज चढायचा. "घडी घाल, गाडू नको. घडीला कड असते, हात लावला की उलगडते." साडीची घडी घालून दाखवतात तसा हात त्या हवेत फिरवायच्या.

रकान्यांचंही तसंच. वजनाचे बारा महिने एका वर्षात मिटलेले असायचे. एकदा मी अहवालात लिहिलं की अमुक पाड्यावरची मुलं वर्षभरात नीट वाढली. ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "महिने उघड." उघडले. जूनला वजन, जुलैला थोडं कमी, ऑगस्ट-सप्टेंबरला आणखी कमी, मग भात घरात आलं तसं पुन्हा वर. एका मुलाचं नाही, पाड्यावरच्या निम्म्या मुलांचं.

"मूल वर्षाने वाढतं का, बाय? मूल महिन्याने वाढतं. श्रावणात उपाशी होतं ते तुझ्या मार्चच्या आकड्यात कसं दिसेल?"

पुढल्या पावसाळ्यात आमच्या फेऱ्या त्या पाड्यावर दुप्पट झाल्या. मी आयुष्यात बरंच वाचलं आहे, पण वाचावं कसं हे मला त्या दुपारी थोडंसं कळलं. थोडंसंच, हे पुढे सिद्ध झालं.

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्या भागात जमीन हलायला लागली. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. कुडाच्या घरांना फारसं झालं नाही, पण ज्यांनी नुकत्याच विटांच्या भिंती घातल्या होत्या त्यांच्या भिंतींना भेगा पडल्या. माणसं घराबाहेर झोपू लागली. थंडी होती. कोणीतरी आमच्या संस्थेला ताडपत्र्या दिल्या आणि त्या तातडीने पोचवायच्या ठरल्या. घराघरांची नावं असलेली यादी आमच्याकडेच होती. ताई त्या आठवड्यात गुडघ्याच्या उपचारासाठी वलसाडला गेल्या होत्या.

सर म्हणाले, "गाडीबरोबर द्यायला एक पान काढ. एकच पान. वाटायला जाणाऱ्या पोरांना गठ्ठा देऊ नकोस."

मी यादी गावांपर्यंत मिटली. महिन्यांचे रकाने मिटले, शेवटचा टिपेचा रकानाही मिटला. सगळं सुबक एका पानात बसलं. गाव आणि घरं, गाव आणि घरं. मला ते पान आवडलं, हेही सांगितलं पाहिजे.

झरीच्या पुढे एक गाव आहे. पानावर त्याच्यासमोर चौसष्ट घरं होती. गाडीतून चौसष्ट ताडपत्र्या गेल्या, समाजमंदिरापाशी वाटल्या गेल्या, चौसष्ट सह्या-अंगठे आले. बेरीज जुळली. सर खूश झाले.

नऊ दिवसांनी ताई आल्या. आल्या आल्या त्यांनी सह्यांचे कागद मागितले, एका हातात पेन घेतलं आणि चौथ्या थरापर्यंत यादी उघडून एकेका नावापुढे टिंब करत गेल्या. तासाभराने त्यांनी मला हाक मारली.

"बाय, ह्या गावात पाडे किती?"

"पाच."

"पलीकडच्या पाड्याची एक सही दाखव."

नव्हती. गावाजवळच्या चार पाड्यांत त्रेपन्न घरं होती. उरलेल्या अकरा ताडपत्र्या तिथल्याच वेगळी चूल मांडलेल्या मुलांनी नेल्या होत्या. त्यांनीही काही चोरी केली नव्हती. ढीग समोर होता, थंडी होती. पलीकडचा पाडा ओहळाच्या पलीकडे, तिथे गाडी जात नाही. त्याच्यापुढे टिपेच्या रकान्यात ताईंनी लिहून ठेवलं होतं: 'आदल्या दिवशी निरोप द्यावा, नाहीतर कळत नाही.' ती टीप मी पूर्वी वाचलेली होती. मिटताना आठवली नाही.

मी म्हणाले, "बेरीज बरोबर होती, ताई."

"बेरीज बरोबरच असते," त्या म्हणाल्या. "बेरजेला थंडी वाजत नाही ने."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सरांना जाऊन सांगितलं की अकरा ताडपत्र्या हव्यात आणि उद्या गाडी हवी. सर म्हणाले, "माणूस पाठवतो, तुमचा गुडघा..." ताई म्हणाल्या, "गुडघा माझा आहे. मी येते. आणि ही येणार." मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "तू सांगायचं. मी नाही. आणि यादी उघडून आण."

पाड्यावर निरोप गेला होता. ओहळाशी चार पुरुष आले, त्यांनी ताडपत्र्या डोक्यावर घेतल्या. पाणी घोट्याएवढं होतं. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून दगडादगडाने आल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "आधी हा ओहळ मी दोन ढांगांत ओलांडायची. खोटं वाटतं का? विचार ह्यांना." चौघांतला एक म्हणाला, "दोन नाय, ताई, तीन." ताई म्हणाल्या, "मेल्या, तू तेव्हा वजनकाट्यात रडत होतास, तुला काय ठाऊक!"

पाड्यावर माणसं अंगणात बसलेली होती. एका विटांच्या घराची मागची भिंत ढासळली होती. एक बाळ आईच्या कुशीत खोकत होतं; ताईंनी त्याला आधी घेतलं, छातीला कान लावला आणि परत दिलं. "गाडीतून दवाखान्यात नेऊ. घाबरू नको." मग माझ्याकडे पाहिलं.

मी कागद उघडला आणि नावं वाचली. अकरा नावं. प्रत्येक नावाला कोणीतरी उठून उभं राहिलं. सातवं नाव जानीबाईचं होतं. ती म्हातारी उठली नाही. बसूनच म्हणाली, "माजं नाव कागदात हाय?"

"आहे, आजी. आधीपासून आहे."

"मंग इतके दिस कागद कुठं होता?"

ताई दूर ओहळाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "माझ्यापाशी होता. मी तो मिटून ठेवला होता. चूक माझी झाली."

जानीबाईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मिटलेला कागद वाचता येत नाय, येवडं मलाबी कळतं. मी तर शाळंची पायरीबी चढले नाय." कोणीतरी हसलं. मग तीही हसली. मी हसू शकले नाही.

परतताना ते बाळ आणि त्याची आई आमच्या गाडीत होती. ताईंनी डबा उघडला, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, आणि निम्मी भाकरी माझ्या हातात ठेवली. मी नको म्हणाले. "खा. उपाशी माणूस जास्त चुकतो," त्या म्हणाल्या. त्या विषयावर त्या मला पुढे कधीही एक शब्द बोलल्या नाहीत. बाळाला न्यूमोनियाची सुरुवात होती. आठवड्याने ते घरी गेलं.

त्यानंतर सरांना अहवाल एकाच पानात मिळत राहिला, पण प्रत्येक गावाच्या नावापुढे कंसात पाड्यांची संख्या येऊ लागली. सर म्हणाले, "ताई, ह्याने पान भरून जातं." ताई म्हणाल्या, "भरू दे ने, सर. आत किती दारं आहेत ते तरी कळेल."

त्या गेल्यावर मला लोक विचारतात, त्यांनी तुला काय शिकवलं. मी सांगते, शीट वापरायला. ते खरंच आहे. मला सावरून घेणारे, माझी चूक आपल्या अंगावर घेणारे वडीलधारे मला आधीही भेटले होते. ज्यांच्या बाबतीत चूक केली त्यांच्यासमोर मला उभं करणाऱ्या आणि तरीही माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या सुमनताई एकट्या. ह्यासाठी त्यांचे आभार मानायचे राहून गेले. त्यांना ते आवडलेही नसते; "भाषण नको, यादी दे," म्हणाल्या असत्या.

यादी आता माझ्याकडे आहे. भातकापणी संपल्यावर वजनं घ्यायला मी पलीकडच्या पाड्यावर गेले. जानीबाईने विचारलं, "ती लंगडी बाय नाय आली?" मी सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "कागद आता कोन करतं?"

"मी करते, आजी."

"दोन घरं उंबरगावला कामाला गेलीत. त्यांची नावं काढू नको. होळीला येतात."

"नाही काढणार."

पाड्यावर सध्या नऊ घरांत चूल पेटते. यादीत अकरा ओळी आहेत.