लाईट गेली नव्हती

मेश्रामबाई आम्हा सगळ्यांना अरे-तुरे करायच्या आणि कॉम्प्युटरला मात्र अहो-जाहो. "उघडा बरं फाइल", "थांबा, घाई करू नका", असं पुटपुटत त्यांची बोटं चालत. धरमपेठेतल्या आमच्या छोट्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये पहिल्या दिवशी हे ऐकलं, तेव्हा बाईंचं डोकं फिरलंय अशी माझी खात्रीच झाली होती.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. जुन्या मशीनवरचे पास्कल भाषेतले प्रोग्राम नव्या मशीनसाठी सी भाषेत उतरवायचे, हे आमचं काम. मी हौसेने सगळंच स्वतः लिहायला बसायचो. बाई मागे येऊन उभ्या राहत. "मशीनले येते ते मशीनले करू दे गा. तू काहून घाम गाळून राहिला?" सिस्टिमची स्वतःची तयार फंक्शनं असतात, त्यांना नुसती हाक मारायची, हा त्यांचा हट्ट. त्यांची चूक काढायची आमच्यात कुणाची टाप नव्हती.

एका रक्तपेढीचा प्रोग्राम त्यांनी असाच उतरवला. रक्तदात्यांची नावं, पत्ते, रक्तगट. मे महिन्यात पेढीचे डॉक्टर फ्लॉपी घेऊन आले. याच माहितीची दुसरी फ्लॉपी स्कूटरच्या डिकीत राहून उन्हाने वाकली होती. आता ही एवढीच. तिची कोऱ्या फ्लॉपीवर प्रत काढणं हेच नव्या प्रोग्रामचं पहिलं काम होतं.

बाईंनी कळ दाबली. खरखर झाली आणि पडद्यावर नावांऐवजी रिकाम्या ओळी सरकू लागल्या. बाईंनी झडप घालून फ्लॉपी काढली, जुन्या मशीनवर लावली. तिथेही काही नाही.

चूक त्यांनीच शोधली. माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी नेणारं सिस्टिमचं फंक्शन होतं. पास्कलमध्ये 'कुठून' आधी सांगायचं, सीमध्ये 'कुठे' आधी. बाईंनी जुनाच क्रम ठेवला होता, त्यामुळे भरलेल्या फ्लॉपीवर कोरी फ्लॉपी उतरली. चाचणीत दोन्हीकडे एकच नाव होतं, म्हणून काही कळलं नव्हतं. बाईंकडून ही चूक! माझा विश्वासच बसेना.

मालक हळूच त्यांच्या कानाशी लागले. "सांगून द्या ना, लाईट गेली म्हणून. रोजच जाते."

बाई सरळ डॉक्टरांकडे वळल्या. "लाईट गेली नव्हती, डॉक्टरसाहेब. माझ्या हातून पुसलं गेलं."

डॉक्टर पांढरेफटक पडले. "जुनी कागदी कार्डं आहेत, पण ओ निगेटिव्हवाले बरेचसे कार्डं बंद झाल्यावरचे. उद्या कुणाला लागलं तर मी कुणाचं दार वाजवू?"

मालकांनी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत बाईंना काढून टाकलं. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. मी काही बोलणार, तर त्यांनीच हाताने गप्प केलं. खुर्ची ओढून प्रोग्राममधली ती चुकलेली ओळ दुरुस्त केली. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "कार्डं नाहीत त्यातले कोणी आठवतात का तुमाले? सांगा. मी घरोघरी जाऊन शोधीन."

"आपल्या महाल भागात ओ निगेटिव्हवाला एक शिंपी आहे," डॉक्टर कसेबसे म्हणाले, "नाव नाही आठवत."

"शिंप्याले गल्लीत सारेच ओळखतात. चला."

भर दुपारी त्या पुढे आणि डॉक्टर मागे, असे दोघं जिना उतरले. मेश्रामबाईंना मी पाहिलं ते शेवटचं.